बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला गिअर-हायड्रॉलिकचं तेल कोणतं घालायचं?

"गिअरचं देऊ का हायड्रॉलिकचं?" दुकानदाराने विचारलं. द्राक्षाच्या ओळीतून फिरेल असा २४ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर मी नुकताच घेतला होता. तेलाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की गिअरला गिअर ऑइल लागतं. "गिअरचं," मी म्हणालो. त्याने नव्वद नंबरच्या बादल्या काढून दिल्या. तेल भरलं, ट्रॅक्टर चालला, मीही विसरलो. डिसेंबरात एका पहाटे फवारणीला निघालो तर मागची अवजारं उचलणारी लिफ्ट उचलेचना. दहा वाजता ऊन वर आल्यावर कुठे ती कुरकुरत उठली. मग ब्रेक दाबला की मागून अशी करकर, की दोन बागा सोडून असलेला माणूस मान वर करून बघायचा. शेवटी सगळं तेल काढून फेकलं, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. ब्रेकच्या चकत्या वाचल्या हे नशीब.

दुकानदाराला दोष देत नाही. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी ठोकून उत्तर दिलं. बागेत चालणाऱ्या १५ ते ३० हॉर्सपॉवरच्या बहुतेक ट्रॅक्टरांना तो प्रश्न लागूच पडत नाही, कारण त्यांच्यात गिअरचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेतलेल्यांनी, किंवा कागदपत्रांशिवाय जुना ट्रॅक्टर घेतलेल्यांनी, बादली उचलण्याआधी काय काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

आधी चेंबर समजून घ्या

सीटखाली जे लोखंडी धड असतं त्याला मिस्त्री चेंबर म्हणतात. पुढे गिअरबॉक्स, मागे चाकांना ताकद पोचवणारे मोठे गिअर, म्हणजे क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल, वर लिफ्ट, दोन्ही अंगाला ब्रेक. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत हे सगळं एकाच तेलात बुडालेलं असतं. हायड्रॉलिकचा पंप त्याच चेंबरमधून जाळीतून तेल ओढतो, लिफ्टला देतो, काम झालं की ते परत चेंबरमध्ये पडतं.

आता या चौघांच्या मागण्या ऐका. गिअरच्या दातांना हवा दणकट थर, दातावर दात दाबला तरी न तुटणारा. पंपाला हवं पातळ, फेस न धरणारं तेल, थंडीतही लगेच ओढलं जाणारं. बेअरिंग-बुशांमधल्या पितळेला आणि ऑइल सीलच्या रबराला ते खाणारं नको. आणि ब्रेकची मागणी सगळ्यात अडचणीची. तेलात बुडालेल्या ब्रेकच्या चकत्यांवर कागदासारख्या तंतूंचा थर असतो. तेल फार निसरडं असेल तर ब्रेक लागत नाही, घसरतो. घर्षणाचा तोल बिघडला तर चकती धरते-सोडते, धरते-सोडते, आणि तीच ती करकर. गिअर म्हणतो निसरडं दे, ब्रेक म्हणतो जास्त निसरडं देऊ नको.

या भांडणात मधला मार्ग काढून जे तेल बनवतात त्याला युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल म्हणतात, बाजारात थोडक्यात यूटीटीओ. काही डब्यांवर ट्रॅक्टर हायड्रॉलिक फ्लुइड असं लिहिलेलं असतं. दुकानात "ऑइल ब्रेकचं तेल" म्हणून मागितलं तरी बहुतेकदा हेच पुढे येतं. पण नुसत्या नावावर थांबू नका.

ब्रेक ओले की कोरडे?

माझ्या मते हा पहिला प्रश्न. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ब्रेकसमोर "ऑइल इमर्स्ड" लिहिलं असेल तर ब्रेक तेलातले. नुसतं "ड्राय डिस्क" असेल तर कोरडे. जुन्या ट्रॅक्टरचं माहितीपत्रक नसेल तर जवळच्या डीलरकडे मॉडेल आणि चासी नंबर सांगा, पार्ट्सच्या पुस्तकात बघून दोन मिनिटांत कळतं.

ब्रेक कोरडे असतील तर तेलावरची मोठी अट निघून जाते. अशा काही ट्रॅक्टरांना कंपनीच गिअर ऑइल सांगते. काहींत हायड्रॉलिकची टाकीही वेगळी असते, मग दोन जागी दोन तेलं. ब्रेक ओले असतील तर मात्र साधं गिअर ऑइल घालायचं नाही. शेजाऱ्याने दहा वर्षं घातलं असेल, त्याचे ब्रेक कोरडे असतील. विचारून घ्या.

पुस्तिकेतला कोड म्हणजेच तेलाचं खरं नाव

ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत वंगणाचा तक्ता असतो. इंजिन, ट्रान्समिशन, पुढचा एक्सल, स्टिअरिंग, प्रत्येकासमोर तेल आणि किती लिटर. पुस्तिका हरवली असेल तर अनेक कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. तक्त्यात "ट्रान्समिशन" किंवा "ट्रान्समिशन व हायड्रॉलिक" ही ओळ शोधा आणि तिथला कोड जसाच्या तसा कागदावर उतरवा. इंग्रजी अक्षरं-आकडे असतात, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अर्थ बदलतो. सरळ फोटो काढून ठेवा.

प्रत्येक ट्रॅक्टर कंपनीची स्वतःची मोजपट्टी असते. जॉन डिअरच्या तेलाचं नाव हाय-गार्ड आणि मानक जे२०सी. त्याचंच पातळ भावंड जे२०डी, ते अतिथंड मुलखासाठी, आपल्याकडे त्याचं काम नाही. कुबोटाच्या पुस्तिकेत यूडीटी किंवा सुपर यूडीटी दिसेल. मॅसी फर्ग्युसनची मानकं एम११३५, एम११४१, एम११४३, एम११४५ अशी. फोर्ड-न्यू हॉलंडच्या घराण्यात एम२सी१३४-डी. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीचे कोड टीई-एमएल ने सुरू होतात.

यातलं काही पाठ करायची गरज नाही. तुमचा एक कोड, आणि बादलीच्या मागच्या बाजूला छापलेल्या यादीत तोच कोड आहे का, एवढंच जुळवायचं. चांगल्या यूटीटीओच्या डब्यावर यातले चार-सहा कोड एकत्र असतात, कारण एकच तेल अनेकांच्या कसोट्या पार करतं. म्हणजे ट्रॅक्टर कंपनीच्याच डब्यातलं तेल घेतलं पाहिजे असं नाही. वॉरंटी चालू आहे तोवर मी कंपनीचंच घेतो आणि सर्व्हिसिंगची पावती जपतो. वाद नको. वॉरंटी संपल्यावर कोड जुळणारं कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं.

डब्यावरची भाषाही नीट वाचा. "मंजुरी मिळालेलं" हे एक, "मानकाची पूर्तता करतं" हे दुसरं, आणि "या ठिकाणी वापरण्यास योग्य" हे तिसरं. पहिल्यात ट्रॅक्टर किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याने तेल तपासलेलं असतं. दुसऱ्यात तेल कंपनी स्वतःची हमी देते. तिसऱ्यात कोणीच कशाला बांधलेलं नसतं. ज्या डब्यावर नुसतं "सर्व ट्रॅक्टरांसाठी" एवढंच लिहिलंय आणि एकही कोड नाही, तो फुकट मिळाला तरी घरी आणू नका.

कोडलासुद्धा म्हातारपण येतं, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन डिअरचं जुनं मानक होतं ३०३. त्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळलेलं असे, घर्षणाचा तोल त्यातून साधला जाई. अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली आणि १९७० च्या दशकात ते मानकच मोडीत निघालं, पुढची मानकं आली. पण "३०३" हा आकडा शेतकऱ्यांच्या तोंडी बसला होता. त्याच आकड्याच्या स्वस्त बादल्या अमेरिकेत पुढे कित्येक वर्षं विकल्या जात राहिल्या. मोडीत निघालेल्या मानकाची तपासणी कोण करणार? आत काहीही भरा. शेवटी २०१७ मध्ये मिझुरी राज्याच्या कृषी खात्याने अशा तेलांचे नमुने तपासून तिथे त्यांची विक्री थांबवली, पुढे कोर्टकज्जेही झाले. म्हणून डब्यावर फक्त जुनाट कोड दिसला आणि आजचा एकही नसला तर शंका घ्या.

नव्वद, ऐंशी, अडुसष्ट, तीस: नंबरांचा घोळ

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नंबर म्हणजे जाडी, पण मोजायच्या पट्ट्या तीन आहेत आणि एकीचा आकडा दुसरीला लागत नाही. जमीन गुंठ्यात मोजली की एकरात हे न सांगता नुसता "चाळीस" म्हटल्यासारखं.

गिअर ऑइलची पट्टी वेगळी, इंजिन ऑइलची वेगळी. जाडी सेंटीस्टोकमध्ये मोजतात. तेल १०० अंशांना तापवलं तर गिअरच्या पट्टीवरचं ८० नंबर ७ ते ११ सेंटीस्टोक भरतं. इंजिनाच्या पट्टीवरचं ३० नंबर ९.३ ते १२.५. म्हणजे गिअरचं ८० आणि इंजिनाचं ३० जवळपास शेजारी. गिअरचं ९० मात्र १३.५ ते १८.५, चांगलंच जाड. यूटीटीओवर तुम्हाला कधी १०डब्ल्यू-३० दिसेल, कधी ८०डब्ल्यू. पुस्तिकेत एक आणि डब्यावर दुसरं दिसलं तरी दचकू नका, दोन पट्ट्यांवर सांगितलेली ती साधारण तेवढीच जाडी. जुळवायचा तो कोड.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा गरम झाल्यावरचं. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. माझं नव्वद नंबर तेव्हा काकवीसारखं झालं होतं. पंप ओढायचा, पण जाळीतून काकवी येणार किती? विदर्भात संत्र्याच्या बागेत उलटी गोष्ट, मे महिन्यात ४५ अंशांत दिवसभर रोटाव्हेटर चालला की तेल पाण्यासारखं पातळ व्हायला नको. दोन्ही टोकं सांभाळणारं म्हणून मल्टिग्रेड.

तिसरी पट्टी नुसत्या हायड्रॉलिक तेलाची. आपल्याकडे "अडुसष्ट नंबर" म्हणतात, जेसीबी-क्रेनवाल्यांकडे हमखास मिळतं. हा आकडा ४० अंशांवरची जाडी दाखवतो, ६८ च्या आगेमागे दहा टक्के. यूटीटीओची ४० अंशांवरची जाडी साधारण त्याच आसपास येते. म्हणून कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "अडुसष्ट टाक, एकच आहे." जाडी एक आहे, गुण एक नाहीत. त्यात गिअरचे दात सांभाळणारी द्रव्यं पुरेशी नसतात आणि ओल्या ब्रेकसाठी तर काहीच नसतं. लिफ्ट छान उचलेल, म्हणून काही महिने वाटेल बरोबरच केलं. झीज आत चाललेली असते.

गिअर ऑइलवर जीएल-४, जीएल-५ असंही लिहिलेलं असतं. पाच हा चारपेक्षा वरचा म्हणून चांगला, असा समज आहे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसाची जोरकस द्रव्यं जास्त असतात, जड दाबाच्या दातांना ती हवीत. पण ती तापल्यावर पितळ-तांब्याला त्रास देऊ शकतात. पुस्तिकेत जीएल-४ असेल तर जीएल-४ च.

इंजिन ऑइल उरलंय, तेच टाकू?

नको. १५डब्ल्यू-४० ची अर्धी बादली शेडमध्ये पडून असते आणि मोह होतो, कळतं. इंजिन ऑइलमधली स्वच्छतेची द्रव्यं काजळी धरून ठेवायला बनवलेली असतात, ब्रेकचा तोल त्यात नसतो. एसटीओयू म्हणून एक प्रकार आहे, तो इंजिन आणि ट्रान्समिशन दोन्हींकडे चालेल असा बनवतात. तो पुस्तिकेत मान्य असेल तरच घ्या.

इथे एक अपवाद, आणि तो परदेशातल्या नातेवाइकांनी विचारला म्हणून मला कळला. अमेरिकेत अंगणातलं गवत कापायला जे लॉन ट्रॅक्टर असतात, त्यांच्यातल्या अनेकांना गिअर नसतात. पेडल जितकं दाबाल तितकं तेल पंपातून मोटरला जातं आणि चाक फिरतं, याला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. अशा कित्येक छोट्या युनिटांना बनवणारी कंपनी स्वतःच २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल सांगते. तिथे यूटीटीओ घालणं ही चूक ठरेल. काहींना पुन्हा खास तेलच लागतं. तेव्हा पुण्याच्या फार्महाउसवर असा लॉन ट्रॅक्टर आला असेल तर आपल्या मिनी ट्रॅक्टरचा अनुभव तिथे चालवू नका.

किती आणि कसं घ्यायचं

या आकाराच्या ट्रॅक्टरांत साधारण १२ ते २५ लिटर तेल बसतं, नेमका आकडा पुस्तिकेत. लागतं त्यापेक्षा दोन-तीन लिटर जास्त घ्या. पुढे कधी पातळी कमी झाली तर भर घालायला त्याच कंपनीचं, तेच तेल हाताशी असतं. नाहीतर "आत्तापुरतं" म्हणून वेगळं तेल पडतं आणि चेंबरची भेळ होते.

सुटं तेल कितीही स्वस्त असो, घेऊ नका. बादलीचं सील, बॅच नंबर, भरल्याची तारीख बघा, पक्कं बिल घ्या. बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं "ऑइल २० लि." नको. आणि रिकामी बादली भंगारवाल्याला देण्याआधी तिच्या झाकणाला भोक पाडा. नकली तेल भरणाऱ्याला चांगली बादलीच लागते.

तेलाबरोबर फिल्टर आणि ड्रेन नटाच्या, म्हणजे खालून तेल सोडायच्या नटाच्या, नव्या चकत्या (वॉशर) त्याच दिवशी घेऊन या. तेल उपसून झाल्यावर चकतीसाठी तालुक्याला जायची पाळी माझ्यावर आली होती.

कधी बदलायचं

नव्या ट्रॅक्टरचं पहिलं काम लवकर येतं, अनेक पुस्तिकांत ५० तासांना फिल्टर किंवा तेल, कारण नवे दात एकमेकांत बसताना कीस सोडतात. पुढचे तास मॉडेलप्रमाणे बदलतात. द्राक्षवाल्यांसाठी माझा हिशेब वेगळा आहे: तास भरत आले असतील तर सप्टेंबरअखेर, फळछाटणीच्या आधी बदलून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात चेंबरमध्ये पाणी गेलं असेल तर ते तेव्हाच निघून जातं, आणि छाटणीनंतर डावणी-भुरी या रोगांवरच्या फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर एक दिवसही उभा ठेवता येत नाही.

बदलायची कृती

१. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करा. कोमट म्हणजे कोमट. दिवसभराच्या कामानंतर लगेच ड्रेन नट उघडला तर हात भाजेल. सपाट जागी उभा करा, लिफ्ट पूर्ण खाली, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, चाकांना दगड.

२. तेल भरायचं झाकण आणि सगळे ड्रेन नट बाहेरून डिझेलच्या फडक्याने पुसा. मग आधी भरायचं झाकण उघडून बघा. ते जाम असेल आणि खालून तेल सोडलेलं असेल तर ट्रॅक्टर जागेवरून हलवताही येत नाही.

३. ड्रेन नट एकच असतो असं धरू नका. गिअरबॉक्सखाली एक, डिफरन्शियलखाली एक, काही मॉडेलांना दोन्ही चाकांकडच्या घरांखाली, म्हणजे एक्सलच्या लोखंडी खोळींखाली, एकेक. एक विसरला की दोन-तीन लिटर जुनं तेल आतच. तेल धार तुटून थेंबावर येईपर्यंत थांबा, अर्धा तास तरी. किती लिटर निघालं ते मोजा.

४. फिल्टर डब्यासारखा फिरवायचा असेल तर नव्याच्या रबरी कड्याला तेल लावून हातानेच घट्ट करा, पान्हा नको. जाळी असेल तर डिझेलमध्ये धुवा, हवेने वाळवा. फडक्याने पुसू नका, सुताचे धागे पंपात जातात. लोहचुंबक असेल तर पुसून घ्या, पण पुसण्याआधी त्याच्यावर काय चिकटलंय ते बघा.

५. नव्या चकत्या घालून नट बसवा. पुस्तिकेतल्या आकड्याच्या चार-पंचमांश तेल आधी ओता, सावकाश. गिअरबॉक्समधून मागच्या घरात तेल उतरायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. काही ट्रॅक्टरांची डिपस्टिक आटे बसवून बघायची असते, काहींची नुसती टेकवून. पुस्तिकेतलं चित्र बघा, यात लिटरभराचा फरक पडतो.

६. मागे अवजार न लावता, इंजिन हळू ठेवून लिफ्ट दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. हवा निघून जाते. सुरुवातीला "घूंऽऽ" आवाज आला तर एक-दोन मिनिटांत थांबायला हवा. पाचशे मीटर चालवा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा, उभा करा, थांबा, पुन्हा पातळी बघा.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या एक्सलचं तेल स्वतंत्र असतं. पॉवर स्टिअरिंगची डबीही काही मॉडेलांत वेगळी. मागचं बदललं म्हणजे पुढचं बदललं असं होत नाही.

काढलेलं तेल बोलतं

निघालेल्या तेलातलं थोडं पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी आहे. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांना हे दुखणं नेहमीचं, पण बागेतही होतं. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असतं आणि पावसाचं पाणी दांड्यावरून सरळ आत. किंवा डिपस्टिकची रबरी रिंग गेलेली. किंवा फवारणीनंतर प्रेशरच्या पाण्याने धुताना चेंबरच्या श्वासनळीवर, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीवर, फवारा मारलेला. वाट बुजवल्याशिवाय नवं तेल भरलं तर महिन्यात तेही ताक.

चुंबकावर राखाडी, मऊ गाळ म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे, कपचे आले तर तेल भरायची घाई करू नका, मिस्त्रीला बोलवा. पिवळसर चमक दिसली तर पितळेचा बुश बोलतोय. काळं आणि करपट वासाचं तेल असेल तर ब्रेक चिकटून चालतोय का ते बघा. कित्येकदा चालकाचा पाय पेडलवर ठेवलेला असतो, बाकी काही नाही.

चुकीचं तेल निघालं आणि योग्य भरलं तरी नळ्या, सिलिंडर, कोपरे यांत जुनं थोडं राहतंच. माझ्या ट्रॅक्टरची करकर पहिल्या भरणीत पूर्ण गेली नव्हती. शंभर-सव्वाशे तासांनी पुन्हा बदललं तेव्हा गेली. खर्च दुप्पट झाला, पण ब्रेकच्या चकत्या बदलण्यापेक्षा कमीच.

टिपिंग ट्रॉली वापरत असाल तर हे वाचाच. ट्रॉलीचा जॅक तुमच्याच चेंबरचं तेल घेऊन उचलतो. पातळी कमी असेल तर ट्रॉली अर्ध्यावर असताना पंप हवा ओढतो आणि तेल फेसाळतं. दुसरं म्हणजे ट्रॉली गावात चार जणांची एकच असते. काल ती ज्या ट्रॅक्टरला होती त्याचं तेल जॅकमध्ये भरून आलेलं असतं, आणि तुमचा पाइप जोडला की ते तुमच्या चेंबरमध्ये. आमच्याकडे आम्ही तिघांनी मिळून एकाच कोडचं तेल वापरायचं ठरवलं, तेव्हा हा प्रश्न मिटला.

जुनं तेल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. तेल झिरपलेल्या जागी काही उगवत नाही. चुलीत, शेकोटीत जाळणंही वाईट, त्या धुरात नको ते असतं. वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते नोंदणी झालेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवं. एकट्याच्या वीस लिटरसाठी कोणी येत नाही, म्हणून बादलीत झाकून ठेवा आणि तालुक्याच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्या. त्यांच्याकडून पिंपं उचलली जातात. इंजिनाचं आणि हे तेल एकत्र केलंत तरी चालेल, त्यात पाणी किंवा औषधाचं धुवण मात्र नको.

सगळं झाल्यावर मी मडगार्डच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने तीन ओळी लिहितो: तारीख, तासांचं मीटर, तेलाचा कोड. मागच्या वर्षी मी लग्नाला गेलो असताना मुलाने पातळी कमी बघून स्वतःच तेल आणून भरलं. फोन केला नाही, मडगार्ड वाचलं.